पालथा तामडा

देवघरातून मनकर्णाबाईंची हाक आली तेव्हा त्यांची सून तृप्ती दात घासत होती. दातांची डॉक्टर असल्यामुळे हे काम ती सहसा अर्धवट सोडत नसे. पण हाकेमागोमाग तांब्या फरशीवर आपटल्याचा आवाज आला आणि ती तोंडातला फेस तसाच घेऊन धावली.

सासूबाई पाटावर बसल्या होत्या. हातात लाल मखमलीची डबी उघडी होती. डबीत तामड्याचा खडा, काल संध्याकाळी सगळ्या घरानं डोळे भरून पाहिलेला. गडद लाल, वरून घुमटासारखा फुगीर, खालून सपाट. आणि त्याच्या मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत, एक तडा.

"खंडित झाला," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "असा खडा पोरीच्या बोटात घालत नाहीत. आता हे लग्न होनार नाही."

मागे येऊन उभे राहिलेले त्यांचे धाकटे भाऊ चुडामणमामा मात्र बारीक आवाजात बोलणाऱ्यांतले नव्हते. "लग्नाचं मग पाहू, ताई. आधी गेटची किल्ली कोनाला देऊ नको. या घरातून कोनी बाहेर जानार नाही."

चॅनल गेटची किल्ली मनकर्णाबाईंच्या कमरेलाच होती. रात्रीपासून तिथेच होती. सकाळी भागाबाई धुण्याभांड्याला आली तेव्हा तेवढं गेट उघडलं होतं आणि लगेच परत लावलं होतं. मनकर्णाबाईंनी किल्ली चाचपून पाहिली आणि मान हलवली.

तामडा या घरचा नव्हताच. तो रावेरच्या पाहुण्यांचा. त्यांच्या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेच्या साखरपुड्याच्या अंगठीत तोच खडा बसतो, अशी त्यांची रीत. या वेळची सून म्हणजे तृप्तीची नणंद भूमिका, आणि सोयरीक जमवणारे चुडामणमामा. इतक्या बोटांतून फिरलेल्या त्या खड्यावर एक लांब ओरखडा पडला होता. सराफ म्हणाला, जयपूरला पाठवावा लागेल. मामा म्हणाले, कशाला, आमच्या सूनबाई करतात ना दगडांचं. सराफानं खडा अंगठीतून मोकळा करून दिला आणि मामांनी तो स्वतःच्या हातानं तृप्तीपुढे ठेवला. हे ते आता सोयीस्करपणे विसरले होते.

तृप्ती नेपानगरच्या पेपरमिल कॉलनीत वाढलेली. तापीच्या वाळूत सापडलेल्या एका गारगोटीपासून तिला हा नाद लागला. आठवडाभर शनवारा भागातल्या क्लिनिकमध्ये लोकांचे किडलेले दात कोरायचे आणि रविवारी मागच्या कोठीत बसून दगडांवरचे ओरखडे, खळगे, पॉलिश न धरलेले डाग काढायचे. "आमच्या बायकोला कुठेच खड्डा पाहवत नाही," असं तिचा नवरा धर्मेंद्र आल्यागेल्याला सांगायचा, "फक्त रस्त्याचं कंत्राट मिळायचं बाकी आहे."

काम चिकाटीचं. काडीच्या टोकाला लाख असते. ती स्पिरिटच्या दिव्यावर मऊ करायची, खड्याची सपाट बाजू तिच्यावर चिकटवायची आणि गार होऊ द्यायची. मग काडी धरून फुगीर बाजू चाकावर फिरवायची. ओरखडा घालवायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा भाग त्याच्या तळाइतका खाली न्यायचा. आधी खरखरीत चाक, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी पॉलिशची गुलाबट पावडर. घाईत एक पायरी गाळली की दोष परत वर येतो. लोकांच्या वस्तूवर हात टाकण्याआधी तिनं जयपूरहून तसेच साधे तामडे मागवून हात बसवून घेतला होता. त्यातला एक बिचारा मध्येच तडकला, तरी तिनं तो शेवटपर्यंत नेला. पाहुण्यांच्या खड्याला मात्र काल काही झालं नव्हतं. तिनं तो भिंगातून पाहिला होता, आणि मगच डबीत ठेवला होता.

आता मामा तिच्यापुढे खुर्ची ओढून बसले होते.

"सूनबाई, खरं सांगून टाका. चाकावर तापला, तडकला, आन् तुम्ही गपचूप डबीत ठेवून दिला. असंच झालं ना?"

"काल तुम्ही स्वतः उजेडात धरून पाहिलात, मामा."

"मला चष्म्याबिगर काय दिसून राहिलं?"

"मग चष्म्याशिवाय छान झाला, छान झाला कशाला म्हणालात?"

मामांना हे आवडलं नाही. धर्मेंद्रनं बायकोकडे 'गप्प बस ना' असं पाहिलं. लाइट गेली. कूलर घरघरत थांबला आणि मे महिन्याचा उकाडा एकदम खोलीत येऊन बसला. तृप्तीचा फोन वाजला. क्लिनिकमधून. सुरेशभाऊंचा गाल टोमॅटोएवढा सुजलाय, ताई, कधी येता. ती म्हणाली, येते. मामा म्हणाले, कुठे येता. तिनं फोन ठेवला.

"एक भिंग आणू द्या," ती म्हणाली. "माझ्याकडून तडकला असेल तर मी सगळ्यांसमोर कबूल करीन."

हे ती मनापासून म्हणाली होती. कारण खरं सांगायचं तर तिची तिलाच खात्री उरली नव्हती. काढताना लाख जरा जास्त तापली होती का? आत कुठेतरी ताण राहिला असेल आणि खडा रात्री उलला असेल? माणसाला चार जणांनी मिळून चूक तुझी म्हटलं की तो हळूहळू स्वतःच्या हातांवरही संशय घेऊ लागतो.

खिडकीपाशी उभं राहून तिनं तडा पाहिला. मग परत पाहिला. तड्यात गुलाबट पावडर बसलेली होती.

दातांच्या डॉक्टरला हे कोणी शिकवावं लागत नाही. दाताला चीर असली की चहाचा डाग आधी त्या चिरेत जाऊन बसतो. पॉलिश करताना तडा असेल तर पावडर त्यात घुसते आणि कितीही धुतली तरी थोडी राहतेच. पॉलिश झाल्यानंतर गेलेला तडा मात्र आतून कोरा असतो. म्हणजे हा खडा तडकल्यावर पॉलिश झाला होता. आणि पाहुण्यांचा खडा पॉलिशच्या वेळी धड होता.

"हा तो खडा नाहीच," ती म्हणाली. "हा माझ्या सरावातला. कोणीतरी बदललाय."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग तिला कळलं, आपण काय केलं ते. आतापर्यंत ती फक्त धांदरट होती.

मामा सावकाश उठले. "सरावाचे खडे कोनाकडे होते?"

"माझ्याकडे."

"पॉलिश कोनी केले?"

"मीच."

"आन् खऱ्या खड्याची किंमत या घरात कोनाला कळते?"

तृप्तीनं नवऱ्याकडे पाहिलं. धर्मेंद्र खाली फरशीकडे पाहत होता. तिला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तिनं परत भिंग डोळ्याला लावलं.

"ऊन उतरलं की रावेरचे लोक खडा पाहायला येतील," मामा म्हणाले. "तोवर भेटला तर ठीक. नाही तर मी त्यांच्यासमोर पोलिसांना फोन लावतो. मग घराची इज्जत गेली तर मला बोलू नका."

"मला सगळ्यांना विचारू द्या," तृप्ती म्हणाली. "गेट बंद आहे. म्हणजे खडा घरातच आहे, आणि बदलणाराही."

मनकर्णाबाई बऱ्याच वेळानं बोलल्या. "विचारू दे तिला, चुडामण."

भागाबाई स्वयंपाकघरात भांडी घासत होती, एरवीपेक्षा जास्त आवाज करून.

"भागाबाई, आज कोठीत गेला होतात?"

"झाडायला गेली. टेबलाला हात नाही लावला. मागं तुमचा एक दगड केरात गेला तं तुम्ही केवढ्या बोंबलल्या. तवापासून त्या टेबलावर धूळ का राख, मी पाहत नाही."

"फडकंही नाही मारलं?"

"देवाशपथ नाही. माझं नाव घेऊन राहिले का ते मामा?"

"नाही. माझं घेतायत."

"मंग बरं," भागाबाई म्हणाली, आणि लगेच ओशाळली. "म्हंजे बरं नाही, ताई."

धर्मेंद्र अंगणात मोटरीपाशी उभा होता. लाइट नसताना मोटरीपाशी काही काम नव्हतं.

"पहाटे नळ आला तेव्हा तू कुठे होतास?"

"इथेच. मोटर हवा धरते ना. तू तर झोपली होतीस." तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. "वर टाकी भरून ओसंडली, सगळं पाणी अंगणात. हे बघ, अजून चिखल आहे. कोणी आवाजच दिला नाही."

"कोठीत गेला होतास?"

"नाही. तृप्ती, तू... म्हणजे चुकून कुठे ठेवला असशील तर..."

"धर्मेंद्र, वाक्य पुरं करू नकोस."

त्यानं केलं नाही.

भूमिका आपल्या खोलीत कपाट उघडून बसली होती. मामांनी सगळ्यांचीच कपाटं उपसायला लावली होती. ती जसोंडीच्या रस्त्यावरच्या एका लॅबमध्ये कामाला होती. तिथे केळीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवतात. दिवसभर ज्योतीशेजारी बसायचं, चिमट्यानं एकेक कोंब उचलायचा आणि बाटलीत लावायचा. हवेतला एखादा कण आत गेला तरी अख्खी बाटली सडते. त्यामुळे ही पोरगी घरातही चहाचा कप ठेवण्याआधी टेबलावर स्पिरिटचं फडकं फिरवायची, आणि भागाबाई म्हणायची, माझ्या पोटावर पाय देता का. सुट्टीच्या दिवशी ती कधी कधी कोठीत येऊन तृप्तीशेजारी बसायची. चाकाचा आवाज तिला आवडायचा.

"पहाटे कुठे होतीस गं?"

"गच्चीवर. टाकी पाहत होते ना. भरली की भैयाला आवाज द्यायचा."

"कोणी खाली देवघराकडे जाताना दिसलं?"

"नाही, वहिनी. अंधेरा था." तिनं साड्यांच्या घड्या उगाच परत घातल्या. "अब क्या होगा? लग्न मोडेल का?"

"आई तसं म्हणतायत."

"और तुम?"

"मी चोर ठरतेय, बाई. लग्नाचं मला अजून सुचलेलं नाही."

भूमिकाचा चेहरा पडला. तृप्तीला वाटलं, पोरीचं सगळं जमलेलं विस्कटतंय, साहजिक आहे.

मामांना प्रश्न विचारायचे म्हणजे कठीण काम होतं, कारण प्रश्न विचारण्याचा हक्क फक्त आपलाच, असं त्यांचं मत होतं.

"मी हॉलमध्ये झोपलेलो. नळाच्या गडबडीत उठलो. बस."

"कोठीत गेला नाहीत?"

"मला काय काम तिथं? तुमची कोठी, तुमचे दगड, तुम्हीच शोधा." ते उठले आणि तिला कोठीपर्यंत चालवत घेऊन गेले. "इथंच असेल तो. तुमच्याशिवाय कोनाला काय कळतं यातलं? भेटला की आवाज द्या."

ती आत गेली. मागून दार ओढलं गेलं. कडी बाहेरून लागल्याचा आवाज आला.

आधी तिला वाटलं, चुकून लागली. तिनं दार ढकललं. मग फटीतून पाहिलं. मामा हॉलकडे निघाले होते. धर्मेंद्र दोन पावलांवर उभा होता. त्यानं कडीकडे पाहिलं, आईच्या खोलीकडे पाहिलं, आणि खिशातून फोन काढून त्यात पाहू लागला.

कोठीवर पत्रा होता. खिडकी एकच, मागच्या अंगणाकडची, आडव्या गजांची. आतली हवा तव्यावरून आल्यासारखी लागत होती. तृप्तीनं दारावर एक लाथ घातली. दाराला काही झालं नाही, अंगठा दुखला. ती स्टुलावर बसली आणि थोडं रडली. मग पदर नसल्यामुळे ओढणीनं तोंड पुसलं आणि समोर पाहिलं.

दाराजवळ फरशीवर बिडीचं थोटूक होतं.

या घरात बिडी ओढणारा माणूस एकच, आणि तोही बहिणीला चोरून. ती फटीशी गेली.

"मामा, जरा या."

मामा आले. "भेटला?"

"बिडी भेटली. आईंना हाक मारू?"

मामांनी तोंड फटीशी आणलं. मग हळू आवाज. "पहाटे आलो होतो. एक झुरका मारला, बस. कशाला हात नाही लावला."

"तेव्हा आत कोणी होतं?"

"नाही. पन वास मारत होता. दवाखान्यात मारतो तसा. डोकं उठलं माझं. तुम्ही तिथं कसे बसता, कोन जाने."

"तुम्ही दिव्याला हात लावलात?"

"मी कशाला लावू? माझी माचिस माझ्याकडे असते."

"जा आता," तृप्ती म्हणाली. त्यांना जा म्हणताना तिला जरा बरं वाटलं.

ती टेबलापाशी आली. सरावाच्या खड्यांचा पत्र्याचा डबा उघडला. तडकलेला तामडा त्यात नव्हता. तो तर डबीत होता. मग तिनं दिवा उचलला, आणि उचललेला हात तसाच थांबला.

दिव्यावर टोपण होतं.

ती कधीही टोपण लावत नसे. धर्मेंद्र म्हणायचा, तू दिवा लावतेस का स्पिरिट हवेला पाजतेस. दर वेळी बसताना दिवा कोरडा असायचा आणि दर वेळी ती भरायची. काल संध्याकाळी खडा काढल्यावर तिनं दिवा फुंकला आणि तसाच ठेवला, हे तिला नीट आठवत होतं. आता टोपण घट्ट होतं आणि दिवा गळ्यापर्यंत भरलेला होता.

टेबलावर सगळीकडे दगडाची राखाडी धूळ होती. दिव्यापुढची ताटाएवढी जागा मात्र चकचकीत पुसलेली होती.

तृप्तीनं काड्या उभ्या खोचून ठेवायच्या लाकडी घोड्याकडे पाहिलं. तिथे अर्धवट झालेले दगड आपापल्या काडीवर बसून होते, सगळे फुगीर पोटं वर काढून. तापीतली गारगोटी, दोन अकीक, एक हिरवट दगड ज्याचं नाव तिलाही माहीत नव्हतं. सगळ्यांत मागे एक काडी होती. तिच्यावरचा दगड मातकट दिसत होता, धुळीनं माखलेला, सपाट. घाईत पाहणारा म्हणेल, अजून हात न लावलेला असेल. मामांनीही शोधताना तो पाहून सोडला असणार.

पण सपाट बाजू वर होती. म्हणजे फुगीर बाजू लाखेत होती. दगडाची पाठ घासायची असेल तरच कोणी तो असा पालथा लावतं, आणि तृप्ती पाठीला कधीच हात लावत नसे. पाठ अंगठीत लपते, तिचे लाड कशाला, असं ती म्हणायची.

तिनं काडी हातात घेतली. काय आहे ते तिला कळलं होतं. कोणी केलं तेही कळलं, आणि ते कळल्यावर तिला आनंद झाला नाही. तिला परत रडू येईल असं वाटलं, या वेळी स्वतःसाठी नाही.

तिनं खिडकीतून हाक मारली. "भूमी, पाणी आण गं प्यायला."

भूमिका तांब्या घेऊन मागच्या अंगणातून आली. गजांतून तांब्या आत जाईना, म्हणून तिनं पेल्यात ओतून दिलं. तृप्ती घटाघट प्यायली. मग तिनं काडी उचलून खिडकीशी धरली.

"मी अजून दिवा लावलेला नाही," ती म्हणाली. "लावू?"

भूमिका काडीकडे पाहत राहिली. मग तिनं तांब्या खाली चिखलातच ठेवला.

"खराब नाही झाला तो," ती म्हणाली. "मी आधी पातळ कागद लावला वरती. मग लाख. पॉलिशला काहीच झालं नसेल, वहिनी."

"का केलंस?"

"मी नाही म्हणाले होते."

"कशाला?"

"लग्नाला. आईला सांगितलं. भैयाला सांगितलं. मामाला तर उनके सामने सांगितलं, जब योगेंद्र मला पाहायला आला होता. तो म्हणाला, लॅब सोडावी लागेल, आमच्याकडे सुना बाहेर कामाला जात नाहीत. मी म्हणाले, मग मला नाही करायचं. सगळे हसले. मामा म्हणाले, लाजतेय." तिनं बंद चाकाकडे पाहिलं. "तुम्हालाही सांगितलं होतं. इथेच. चाक चालू होतं. तुम्ही म्हणालात, हं."

तृप्तीला ते आठवेना. पण आपण 'हं' म्हणालो असणार, हे तिला लगेच पटलं.

"मला वाटलं, खंडित खडा निघाला की अपशकुन म्हणून सोडून देतील. मग मी खरा खडा परत ठेवणार होते. तुमच्यावर येईल असं खरंच नाही वाटलं. लोक देवाला घाबरतील असं वाटलं, तुम्हाला पकडतील असं नाही."

"आणि पकडल्यावर? कडी लागल्यावर?"

"दोनदा दारापर्यंत आले. मग वाटलं, बोलले तर परसों साखरपुडा. नाही बोलले तर तुम्ही." तिनं गज धरले. "वहिनी, सांगा ना, टेबलाखाली भेटला म्हणून."

तृप्तीनं विचार केला. खोटं सोपं होतं. ती सुटली असती, संध्याकाळी खडा रावेरच्यांच्या हातात गेला असता आणि भूमिका त्याच्यामागोमाग. आणि गप्प राहिली तर पोलिसांपुढे ती स्वतः.

"टेबलाखाली नाही सांगणार," ती म्हणाली. "जसं झालं तसंच सांगणार. पण तू माझ्या शेजारी उभी राहशील. आणि या वेळी चाक बंद असेल."

भूमिकानं गज सोडले आणि तांब्या उचलला. मग ती पुढच्या दाराकडे गेली. कडी तिनंच काढली.

सगळे कोठीच्या दारात जमले. आत एवढ्यांना जागा नव्हती. भूमिका आत येऊन तृप्तीच्या शेजारी उभी राहिली, तेव्हा मनकर्णाबाईंच्या कपाळावर आठी पडली.

"भेटला का?" मामांनी विचारलं.

"भेटला. आधी कसा गेला ते ऐका." तृप्तीनं दिव्याचं टोपण काढलं. "पहाटे नळ आला. धर्मेंद्र मोटरीपाशी, आई पाणी भरत होत्या, मामा अजून पडलेले. भूमिका टाकी पाहायला गच्चीवर. मग टाकी ओसंडली तरी आवाज का आला नाही? कारण गच्चीवर कोणी नव्हतंच. तेवढ्यात डबीतला खडा निघाला, माझ्या डब्यातला तडकलेला त्या जागी गेला. तडा पाहून सगळे म्हणाले, आत्ता तडकला. पण तड्यात पॉलिशची पावडर होती. तो जुना तडा."

"ते झालं सकाळीच," मामा म्हणाले. "खरा कुठे आहे?"

"गेट बंद, कपाटं तुम्ही उपसणार. दगड लपवायला दगडांतच जागा चांगली." तिनं दिवा पेटवून काडी ज्योतीवर धरली. "पण लाखेवर खडा बसवायला ज्योत हवी, आणि ज्योतीशी काम करायची सवय हवी. करणाऱ्याच्या हातून एकच चूक झाली. काम झाल्यावर त्यानं जागा स्पिरिटनं पुसली, दिवा भरला आणि टोपण लावलं. चोर पसारा करून जातो. हा माझ्यापेक्षा नीटनेटकं ठेवून गेला. भागाबाई टेबलाला हात लावत नाहीत. धर्मेंद्रनं जन्मात टेबल पुसलेलं नाही. आणि दवाखान्याचा वास मामांनी स्वतः घेतलाय."

"तू कोठीत कशाला गेला होता रे?" मनकर्णाबाईंनी विचारलं. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लाख मऊ झाली. काडीवरून दगड सुटून तृप्तीच्या तळहातावर पडला. तिनं तो उलटा केला, कागद सोलला, अंगठ्यानं पुसला. लाल घुमट दिव्याच्या उजेडात उजळला. त्यावर ओरखडा नव्हता, तडाही नव्हता.

"मी केलं," भूमिका म्हणाली.

धर्मेंद्रचं तोंड उघडं राहिलं. मामा पुढे सरसावले. "पोरी, अक्कल आहे का तुला? एवढं चांगलं घर, त्यांची पिढ्यांची वस्तू..."

"मी नाही म्हणाले होते, मामा. सगळ्यांना म्हणाले होते. माझं कोणी ऐकलं नाही. दगडाचं ऐकलंत."

"लाजत होती ना तू?"

"नव्हते लाजत."

मामांच्या हातात मखमलीची डबी होती, ती तृप्तीनं मागून घेतली. तडकलेला खडा काढून खरा डबीत ठेवला आणि डबी सासूबाईंपुढे धरली.

"आई, सकाळी तडा दिसला तेव्हा तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात, आता हे लग्न होणार नाही. लगेच म्हणालात. रावेरच्यांना काय वाटेल, लोक काय म्हणतील, काही आड आलं नाही. मग हिनं तोंडानं सांगितलं तेव्हा काय कमी पडलं?"

मनकर्णाबाईंनी डबी घेतली. खडा बोटानं चाचपला, जणू त्यांना अजूनही कुठेतरी तडा लागेल असं वाटत होतं. मग लेकीकडे पाहिलं, बराच वेळ. कमरेची किल्ली त्यांनी सोडवली आणि डबीसकट भावाच्या हातात दिली.

"गेट उघड आन् हा खडा आत्ताच रावेरला पोचव. त्यांना इकडं यायचा त्रास नको. सांग, खडा चांगला झाला. घर चांगलं आहे, मुलगाही चांगला असेल. आमची पोरगी नाही म्हनते."

"ताई, लोक काय म्हनतील?"

"सकाळी खड्यापायी मोडत होतं, तवा लोक नव्हते का?"

मामा डबी घेऊन गेले. चॅनल गेट करकरत उघडल्याचा आवाज आला. भूमिका आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली आणि मनकर्णाबाई तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

तृप्तीचा फोन परत वाजला. सुरेशभाऊ. ती म्हणाली, निघालेच, गालाला बर्फ लावा तोवर. पण ती निघाली नाही.

"धर्मेंद्र, पेचकस दे."

"कशाला?"

तिनं हात पुढे केला. त्यानं आणून दिला. ती कोठीच्या दाराशी उकिडवी बसली आणि बाहेरची कडी सोडवायला लागली. स्क्रू जुने होते, गंजलेले, सहज फिरत नव्हते. धर्मेंद्र म्हणाला, दे, मी काढतो. ती म्हणाली, तू मघाशी काढायला हवी होतीस.

मग तो तिच्याशेजारी खाली बसला. निघालेला एकेक स्क्रू ती त्याच्या तळहातावर ठेवत गेली आणि तो मूठ न मिटता ते धरून राहिला. कडी निघाली. दारावर तिच्या जागी फिकट लाकडाचा पट्टा आणि चार भोकं उरली.

"ही बुजवायची का?" त्यानं हळूच विचारलं.

"राहू दे," तृप्ती म्हणाली, आणि पर्स उचलून क्लिनिकला गेली.